बारावा चौकोन

११ जानेवारी २००४, रविवार

अकराच आहेत! सकाळपासून चार वेळा मोजले. पांढऱ्याकडून मोजा नाहीतर काळ्याकडून मोजा — अकरा.

कॅमेरा क्लबचं पत्र आलंय. खाली लाव्हॉनची सही, ती सेक्रेटरी. यंदाची हिवाळी फोटोंची स्पर्धा कॉम्प्युटरवर आहे म्हणे. सगळ्यांचे फोटो एका सीडीत घालून घरोघर वाटलेत. आपापल्या घरी बसून बघायचे आणि मत द्यायचं. पण आधी मॉनिटरचा उजेड नीट लावायचा! नाहीतर एकाला दिसतो बर्फ आणि दुसऱ्याला दिसते चादर. त्यासाठी सीडीत पहिल्यांदा एक पट्टी येते. बारा चौकोन. डावीकडचा पांढराशुभ्र, मग राखाडी, मग आणखी राखाडी, असं करत करत शेवटचा काळाकुट्ट. बाराच्या बारा सुटे दिसेपर्यंत उजेड कमीजास्त करायचा. दिसले की पत्राखाली सही — "माझा मॉनिटर नीट आहे, मला बाराही चौकोन वेगवेगळे दिसतात." सही नाही तर मत नाही.

मॉनिटरच्या पोटाखाली दोन बारीक चाकं आहेत. एकावर सूर्य काढलाय, एकावर अर्धा काळा गोळा. दोन्ही फिरवली. पांढरे जळून गेले, काळे उजळले, पुन्हा काळे बुडाले. उजवीकडचे शेवटचे दोन काही केल्या सुटे होईनात. दोन चौकोन कसले, एक लांब काळी वीट!

नवऱ्याला, सेल्मरला हाक मारली. आला, पडद्याला नाक लावून बसला आणि म्हणाला, "बारा."

"कुठायत बारा?"

"आहेत की. छान आहेत."

छान म्हणे! चौकोन कधी छान असतात का? सही ठोकली आणि गेला कॉफी ओतायला.

मी नाही केली सही. आठवीत शाळा सुटली माझी, गाईंच्या धारा काढायला घरी बसवलं. पण बारापर्यंत मोजता येतं.

१२ जानेवारी

काल सूर्याचं चाक मधोमध ठेवून उठले होते. आज बघते तर शेवटच्या टोकाला! फोटोतली माणसं पिठात लोळल्यासारखी. सेल्मरला विचारलं. "सरकलं असेल आपोआप." चाक आपोआप सरकतं होय! मध्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय.

१४ जानेवारी, बुधवार

मुलांना शाळेत सोडलं, बस लावली आणि घरी येऊन पहिला फोन लाव्हॉनला.

"लाव्हॉन, तुझ्या पट्टीत अकराच चौकोन आहेत."

"असं कसं होईल, आर्डिस?"

"झालंय."

"उजेड थोडासा —"

"सगळे उजेड करून झाले."

ती एकदम मधाळ आवाजात, "बाकी चौतीसच्या चौतीस सह्या आल्या बरं का. … डोळे थकतात गं कधी कधी. आपल्या वयात."

आपल्या! ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी. धुक्यात, बर्फात, सकाळच्या काळोखात. आजवर एक हरीण नाही ठोकलं. आणि हिला माझे डोळे थकलेले दिसतात. तेही फोनवरून!

१५ जानेवारी

चाक पुन्हा टोकाला. लाल ठिपक्यावर आणलं.

१७ जानेवारी, शनिवार

चर्चच्या तळघरात क्लबची कॉफी होती. स्पर्धेतले फोटो छापून भिंतीवर लावलेले. सेल्मरचाही एक आहे. नाताळात त्याला कॅमेरा आणला, तेव्हापासून वेड लागलंय. फोटोखाली लिहिलंय — "पांढरं घुबड". समोर लोक उभे राहून माना डोलावतायत.

"वेगळाच आहे हं, सेल्मर."

"खरंच, वेगळाच."

मिनेसोटातल्या आमच्या या गावात वाईट म्हणायची पद्धत नाही. "वेगळं आहे" म्हणजे वाईट. "बरं आहे की" म्हणजे फेकून द्या. पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा घ्यायचं. ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नाही, मग तो कापत कापत राईएवढा होतो आणि वाळून जातो. मी इथेच जन्मले, तरी मला हे कधी जमलं नाही. मी म्हणाले, "हे घुबड नाही. हार्लनच्या कुंपणाला अडकलेलं पोतं आहे. कोंबड्यांच्या खाद्याचं. इथं कंपनीचं नावसुद्धा दिसतंय."

सगळे कॉफीकडे बघायला लागले. सेल्मर हसला नुसता. "असेल."

घुबड आणि पोत्यात फरक नको का कळायला? हौसेला काही धरबंध!

येताना हार्लनच्या घरी शिरले. आमचा शेजारी, चाळीस वर्षांचा. म्हणजे शेजार चाळीस वर्षांचा. हार्लन सत्तरीचा. म्हटलं, "लाव तुझी ती पट्टी. माझ्यासमोर मोज."

हार्लन बोट ठेवत मोजायला लागला. नऊपर्यंत सावकाश. मग दहाअकराबारा — एका दमात. बारावं बोट पडद्याच्या बाहेर, मॉनिटरच्या प्लास्टिकवर.

"हार्लन, ते प्लास्टिक आहे."

"हो, पण काळंच आहे की."

आता या माणसाला काय बोलायचं! म्हणाला, "आर्डिस, लेफ्सा घेतेस? गरम आहे." मी एकदाच हो म्हटलं आणि बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या दोन खाल्ल्या.

बाहेर आले तर सेल्मर हार्लनच्या अंगणातल्या बर्फाच्या माणसाला टोपी काढून म्हणतोय, "काय थंडी पडलीय हो!" उत्तर येत नाही म्हणून पुन्हा म्हणाला. सभ्यपणालाही मर्यादा असते.

१९ जानेवारी

दारात एक पिशवी. पाच पौंड गाजरं. चिठ्ठी नाही, नाव नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आज चार थांब्यांवर मूलच नाही! बस उभी केली, दार उघडलं, दार मिटलं. पुढे बघते तर सगळ्या आया आपापल्या गाडीतून पोरांना घेऊन शाळेच्या दारात. एकीला काच खाली करायला लावली.

"अगं, मला तिकडे जायचंच होतं आज. सहज."

सहज! चार घरांतल्या चार बायकांना शून्याखाली वीसमध्ये सकाळी सातला सहज शाळेकडे जायचं होतं!

म्हणजे पसरलंय गावभर. आर्डिसला बारावा चौकोन दिसत नाही. तोंडावर कुणी बोलेल तर शपथ. बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. यांना सुनावायचं कसं? हसतात.

दारात आज दोन पिशव्या. शिवाय गाजराचा केक. गाजरं डोळ्यांना चांगली ना, म्हणून!

२२ जानेवारी

ओव्हनमध्ये भाजलेलं गाजराचं हॉटडिश. काचेचं भांडं झाकणासकट, खाली पट्टी चिकटवलेली, त्यावर घरवालीचं नाव खोडलेलं. भांडं परत हवंय पण कुणी दिलं ते कळू द्यायचं नाही!

मी शिवले नाही. सेल्मरनं सगळं खाल्लं. कच्ची गाजरंसुद्धा खातोय तीन दिवस, सशासारखा, एक झालं की दुसरं. म्हटलं, "तुला कधीपासून आवडायला लागली?" तर म्हणे, "वाया कशाला घालवायची."

२३ जानेवारी, शुक्रवार

टॉलफसन साहेबांनी शाळेच्या ऑफिसात बोलावलं. सुपरिंटेंडेंट आहेत. आधी वीस मिनिटं थंडीवर. मग तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीवर. मग माझ्या बसच्या टायरांचं कौतुक. मी म्हटलं, "साहेब, मुद्द्याचं बोला, माझी गाडी बाहेर चालू आहे."

"तुम्हाला थोडी विश्रांती हवी असेल तर…"

"नकोय."

"म्हणजे, डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद येईपर्यंत. नुसती औपचारिकता. सोमवारपासून सेल्मर बस नेईल. बदली चालक म्हणून त्याचं नाव आहेच. आणि" — इथं त्यांनी फाईल उघडली, शप्पथ, फाईलमध्ये क्लबच्या पत्राची नक्कल होती! — "त्याला तर बाराही दिसतात."

बावीस वर्षं एका बाजूला आणि एक काळा चौकोन दुसऱ्या बाजूला. आणि चौकोन जड!

"कागद आला नाही तर?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग बघू." आमच्याकडे "मग बघू" म्हणजे झालं, संपलं.

घरी येऊन सेल्मरला सांगितलं. त्याच्या हातातलं गाजर खाली पडलं. म्हटलं, नको म्हणून टाक. "आता कसं म्हणू? साहेबांनी फोन करून एवढ्या प्रेमानं विचारलं." मला राग आला तो आलाच. स्वतःच्या बायकोची बस! रात्रीचं जेवण त्याचं त्यानं घेतलं.

२५ जानेवारी

गुरुवारची वेळ मिळाली डोळ्यांची. तालुक्याला दर गुरुवारी नवी डॉक्टरीण बसते.

मी बाहेर दाखवत नाही, पण या वहीत लिहायला काय? भीती वाटतेय. सकाळी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. हार्लनचं कोठार, त्याच्या छपरावरचा कोंबडा, कोंबड्याचं शेपूट — सगळं दिसतं. बारावा चौकोन नाही दिसत. चौतीस माणसं कशी चुकतील? बस गेली तर मी करू काय दिवसभर? केक करत बसू?

सेल्मर म्हणतोय, उद्या बसमध्ये तूही चल. "मी कशाला? माझे डोळे फुटलेत ना." तर म्हणाला, "थांबे माहीत नाहीत मला." मी नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा नको. चारदा विचारलं त्यानं. मग गेले.

म्हणजे जाईन. उद्या.

२६ जानेवारी, सोमवार

बसमध्ये बारा पोरं. पुढच्या बाकावर मी, सेल्मरच्या खांद्यामागे. चालवतो कसला, बस ढकलत नेल्यासारखी. मागून टॉलफसनांची नात ओरडली, "आम्ही चालत गेलो असतो तर आत्तापर्यंत शाळा सुटली असती!" पोरं खिदळली.

मला गप्प बसवेना. "आता डावीकडे. सावकाश. पुढं टपालपेटी आहे, उजवीकडे सरकू नकोस. थांब! पोरगी रस्त्यात आहे." तो थांबला. मी जरा वेळ गप्प बसले तर त्यानं बसच उभी केली, भर रस्त्यात.

"काय झालं?"

"काही नाही. तू बोलत राहा."

चाळीस वर्षं संसार केला, गप्प बस, गप्प बस ऐकत आले. आज म्हणतोय बोलत राहा! काचा पुसायला घेतल्या त्यानं, आतून. काचा स्वच्छ होत्या.

शाळेच्या दारात एक बाई म्हणाली, "जोडी शोभते हं तुमची." परतीचा फेराही तसाच. माझा घसा बसलाय.

२७ जानेवारी

वादळ. शाळा बंद. गाजरं एकोणतीस पौंड झाली.

२८ जानेवारी

वादळच. चाक पुन्हा टोकाला! लाल ठिपका खरवडून काढलाय कुणीतरी. घरात दोन माणसं आणि एक मांजर. मांजर फोटो बघत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

गेले. पिकअप मीच चालवली, कोण अडवतंय बघू म्हटलं. रस्त्यावर फुटभर बर्फ.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शिकागोच्या. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वाचली. शेवटची ओळही वाचली. त्याच्याखाली बारीक टायपात छापखान्याचं नाव आणि पत्ता होता, तोही वाचून दाखवला. त्या उठून तक्त्याजवळ गेल्या आणि वाकून बघितलं, खरंच होता.

"तुम्हाला इथं कुणी पाठवलं?"

"एका चौकोनानं."

सीडी माझ्या पर्समध्ये होतीच. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावली. बाईंनी पट्टीकडे बघितलं. उजेड वर केला, खाली केला. मग सहज म्हणाल्या, "अकराच आहेत की."

मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला! महिनाच झालाय त्यांना मिनेसोटात येऊन. आमची रीत शिकल्या नाहीत अजून. शिकू नयेत.

कागदावर लिहून दिलं — दृष्टी उत्तम. निघताना एवढंच म्हणाल्या, "उजेड सारखा वाढवावा लागतोय, समोरचा माणूस ओळखू येत नाही, असं काही झालं की या मात्र. मोतीबिंदू हळूच येतो." मी म्हटलं, या डोळ्यांत त्याची टाप नाही यायची.

३० जानेवारी, शुक्रवार

आधी कागद टॉलफसनांच्या टेबलावर आपटला. मग लाव्हॉनच्या स्वयंपाकघरात. कोट काढला नाही.

"लाव्हॉन, ती पट्टी कुणी केली?"

"मीच." कपाटाची मूठ पुसायला लागली.

"किती चौकोन केलेस?"

पुसतेय आपली.

"लाव्हॉन!"

"अगं, रंग अकराच जमले मला! चौकटी बारा आखून झाल्या होत्या, पत्र छापून झालं होतं. शेवटच्या चौकटीत अकराव्याचाच काळा भरला. म्हटलं, कुणीतरी फोन करेल, मग दुरुस्त करीन."

"मी केला फोन."

"हो, पण तोवर चौतीस सह्या आलेल्या. त्या सगळ्यांना खोटं कसं पाडू? मला वाटायला लागलं, असेलही बारावा. माझ्याच हातून झाला असेल."

"तू स्वतः सही केलीस?"

"मी सेक्रेटरी आहे, आर्डिस."

मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. ती घाबरली, मग तीही हसली, मग रडली. चौतीस माणसं रोज त्या वि‍टेपुढे बसून एकमेकांना सांभाळून घेत होती! कुणाला वाटलं नाही की आर्डिसची बस जातेय. मला म्हणाली, "केक घेतेस? गाजराचा आहे."

सेल्मरला सांगितलं. "तूही थाप मारलीस ना? बारा म्हणे, छान म्हणे!" तो म्हणाला, "सगळ्यांना दिसत होते, म्हटलं असतील." पण बस परत मिळाल्याचं ऐकून असा खाली बसला, जसं काही त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. मला वाटलं, माझ्यासाठीच खुश झाला.

३१ जानेवारी

फोनवर फोन. सगळ्यांना पहिल्यापासून शंका होती म्हणे! हार्लन म्हणाला, "मी प्लास्टिक दाखवलं तेव्हाच तुला खूण केली होती."

लाव्हॉननं नवी सीडी आणि नवं पत्र घरोघर टाकलंय. या खेपेला मी घरी मोजले. बारा! बारावा अगदी वेगळा, डांबरासारखा. सही केली. माझं मत पोत्याला दिलं — सेल्मरच्या. फोटो वेगळाच आहे, पण माणूस माझा आहे.

सोमवारी बस माझी.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी व्हॅक्यूम लावायला मॉनिटरचा प्लग काढला. कॉम्प्युटर चालू होता, घुर्र घुर्र करत. तेवढ्यात सेल्मर येऊन खुर्चीत बसला, नवं पत्र मांडीवर. पडद्याला नाक लावलं. हात खाली गेला, सूर्याचं चाक टोकापर्यंत फिरवलं. मी त्याच्या मागेच उभी.

"किती दिसतात?"

"बारा," म्हणाला. "या खेपेला अगदी सुटे सुटे आहेत."

प्लग माझ्या हातात होता.

"हो," मी म्हणाले. "बाराच आहेत."

त्यानं सही केली. ओळीच्या खूप खाली.

मी पिकअपच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून खिशात घातल्या. म्हटलं, गुरुवारी मला पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, सोबत चल. तीनदा नको म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला, "वाटेत बोलत राहशील ना?"